द्वारकाबाई, आज दव आहे

कार्तिक सरत आला की आमच्या वरवट बकालच्या शिवारातली सकाळ उशिरा सुरू होते. उजाडतं वेळेवरच, पण वेचणीच्या बाया लगेच शेतात शिरत नाहीत. रात्रभर पडलेल्या दवानं बोंडातला कापूस ओला झालेला असतो. तसाच वेचून घरी आणला तर तो गंजीत तापतो, पिवळा पडतो, त्याला कुबट वास येतो. मग बाया कुणाच्या तरी ओट्यावर ऊन अंगावर घेत थांबतात. डोक्याला फडकं, साडीवर घरच्या माणसाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, कमरेला कापूस टाकायची झोळी. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ धुक्यातून हळूहळू वर येते. गप्पा चाललेल्या असतात, पण त्याही अर्ध्या झोपेतल्यासारख्या. कामाला आलेली माणसं काम न करता उभी आहेत आणि कुणी त्यांना बोल लावत नाही, अशी ही दिवसातली एकच वेळ.

यंदा मी त्या ओट्यावर बसले आहे. आमचाच ओटा आहे. आई श्रावणात गेली. रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. शेत यंदा बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं आहे, घराची आवराआवर करायला मी पुण्याहून आले आहे, आणि आवरण्यासारखं फार काही नाही हे पहिल्याच दिवशी लक्षात आल्यानं हळूहळू आवरते आहे.

आतल्या फळीवर आईचा फोन असतो. उन्हं ओट्यावर आली की तो आपोआप बोलतो.

"नमस्कार, द्वारकाबाई. आज दव आहे. दव वाळल्यावर वेचणी सुरू करा."

द्वारकाबाई म्हणजे माझी आई. गावात तिला या नावानं कुणीच ओळखत नव्हतं. इथं ती सुनंदा होती, सुनंदाकाकू होती, कुणाची वहिनी होती. द्वारका हे नाव तिनं या फोनला सांगितलं आणि फोननं मला. तिच्या पोटची पोर असून मी ते असं, तिऱ्हाईताकडून ऐकलं.

मी पोटासाठी जे करते त्याला युजर एक्सपीरियन्स डिझाइन म्हणतात. गावात कुणी विचारलं तर मी सांगते, फोनमधल्या गोष्टी वापरताना माणूस अडू नये म्हणून आधी विचार करून ठेवायचा, हे माझं काम. बेबीकाकू आमच्या शेजारीण. त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थोडा विचार करून विचारलं होतं, "मंग तरीबी लोकं अडतात, त्याचे पैसे कापतात का तुये?"

गेल्या आठवड्यात जवळच्या एका महाविद्यालयातल्या बाईंचा निरोप आला. त्यांच्या वार्षिकांकासाठी माझा लेख हवा आहे: या क्षेत्रात यायचं तर कोणती कौशल्यं लागतात? आपल्या भागातल्या मुलींना कळायला हवं, असं त्यांनी मुद्दाम म्हटलं. मी हो म्हणाले. कागद घेऊन ओट्यावर बसले आणि पहिला शब्द लिहिला, निरीक्षण. दुसरा लिहिला, ऐकणं. तिसरा लिहिला, गप्प राहणं. तिथं हात थांबला. तो शब्द लिहिताना मला एवढी लाज वाटली की मी आजूबाजूला पाहिलं, कुणी बघत तर नाही ना.

गप्प राहणं हे आमच्या कामातलं खरंच मोठं कौशल्य आहे. नवीन मुलांना ते शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. आपण बनवलेली वस्तू आपण एखाद्याच्या हातात देतो आणि तो ती कशी वापरतो ते शेजारी बसून पाहतो. तो अडतो. चुकीच्या जागी बोट ठेवतो. आपल्याकडे बघतो. अशा वेळी सांगायचं नाही. "खाली बघा", "ते हिरवं दाबा" असलं काही म्हणायचं नाही, मानही हलवायची नाही. त्यानं विचारलंच तर त्याचा प्रश्न त्यालाच परत द्यायचा: "तुम्हाला काय वाटतं, काय करायला हवं?" कारण आपण मदत केली की वस्तूतली चूक झाकली जाते, आणि उद्या तो माणूस एकटा असताना ती त्याला पुन्हा अडवते. या नियमात काहीही वाईट नाही. मी आजही तो पाळते आणि शिकवते.

लाज चूक केल्याची वाटते असा माझा समज होता. नियम नीट पाळल्याचीही वाटते हे मला काही वर्षांपूर्वीच्या एका वेचणीत कळलं.

त्या वर्षी बाबा पावसाळ्यात गेले होते. दिवाळीला आम्ही सगळे घरी आलो. आईला एकटीला गावात ठेवायचं नाही, असं दादानं ठरवलं होतं. दादा माझा मोठा भाऊ, तोही पुण्यातच असतो. आईला पुण्याचा चौथा मजला ठाऊक होता. तिथल्या खिडकीतून तिला दुसरी खिडकी दिसायची. ती नाही म्हणाली नाही, नुसती दिव्यात तेल घालत राहिली. शेवटी दादा थोडा नरम झाला.

"बरं, एक करू," तो म्हणाला. "तू फोन शिक. हवामान, दवाखाना, आमच्याशी बोलणं, सगळं फोनवर आहे आता. तुझं तुला जमलं तर राहा इथं. नाही जमलं तर वेचणी संपली की माझ्याबरोबर चलायचं."

"शिकतो ना मी," आई म्हणाली. "त्यात काय हाय एवढं."

आमच्याकडे बाया असंच बोलतात, मी येतो, मी शिकतो. पुण्यात पहिल्याच आठवड्यात मी वसतिगृहाच्या दारात "येतो मी" म्हणाले होते आणि खोलीतल्या मुली उशीत तोंड खुपसून हसल्या होत्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांना खरंच गंमत वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी "येते" म्हणू लागले. जीभ इतकी मुकाट्यानं बदलली की आईला ते माझ्याआधी कळलं. "आता तू पुस्तकासारखी बोलतं," एवढंच ती म्हणाली होती.

योगायोग असा की त्याच हिवाळ्यात माझ्या कंपनीच्या एका कामाची चाचणी आमच्या भागात निघाली. कापूस करणाऱ्या बायांसाठी फोनवरचा शेतीसल्ला. टंकायचं काहीच नाही, सगळं बोलून. फोन बोलणार, बाई बोलणार. आज दव आहे का, बोंडअळी कुठं दिसली तर काय करायचं, असं. मी वऱ्हाडची म्हणूनच मला त्या गटात घेतलं होतं. पुण्यातल्या काचेच्या भिंतींच्या खोलीत आम्ही महिनोन् महिने वाद घातले होते. आवाज बाईचा असावा की पुरुषाचा, वय किती वाटावं, नमस्कार म्हणावं की रामराम. फोन सगळ्यात आधी काय विचारेल याबद्दल मात्र कुणाचाच वाद नव्हता. कुठंही विचारतात तेच.

चाचणीच्या पहिल्या दिवशी सकाळचं दव वाळून दुपारचं ऊन पडलं होतं. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, निंबाखाली बाया भाकरी खाऊन बसल्या होत्या. अदिती ही माझ्यासोबत पुण्याहून आलेली मुलगी, टिपणं घेणारी. हुशार, सालस, आणि ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलेलं असूनही तो चांगला झालाय म्हणत राहणारी. बेबीकाकूंना ती फार आवडली होती. तिनं अजून फोन पिशवीतून काढलाही नव्हता, तर काकू म्हणाल्या, "लय चांगलं हाय वं पोरी तुमचं."

"काकू, तुम्ही अजून पाहिलं कुठं?" अदिती म्हणाली.

"पाह्याचं काय त्यात? एवढ्या दुरून आणलं तं चांगलंच असंन."

मग फोन बाहेर आला, मध्ये ठेवला गेला आणि स्वच्छ, गोड, पुणेरी आवाजात बोलला: "नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा."

सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. मग कुणीतरी खुदकन हसलं. एकीनं पदर तोंडाला लावला.

आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव म्हणजे तिचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव. आणि पन्नाशीच्या पुढची बाई नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. लग्नाकार्यात उखाण्यात घेते, तेवढंच. बेबीकाकूंचे यजमान बुधाजी. काकू बुधवारला बुधवारही म्हणत नाहीत, "मंगळवारनंतरचा" म्हणतात, आणि सगळ्या गावाला तो वार कळतो. हे मला ठाऊक होतं. जन्मल्यापासून ठाऊक होतं. काचेच्या खोलीत मात्र ते मला एकदाही आठवलं नाही, आणि मी तिथं बसलेली होते ती नेमकी हे आठवायलाच.

"आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा, मोठ्यानं बोला," फोन म्हणाला.

"मोठ्यानं म्हणते!" एक बाई म्हणाली आणि हशा झाला.

"सुनंदा, तू सांग वं मायं," बेबीकाकू आईला म्हणाल्या. "मंग तुयं मी सांगतो."

ही आमच्याकडची जुनी सोय. शाळेत, दवाखान्यात, कुठंही नाव विचारलं की शेजारची बाई सांगते. आईनं पुढं वाकून बुधाजींचं नाव घेतलं, बेबीकाकूंनी माझ्या बाबांचं, एक तिसरीच बाई दोघींची आडनावं सांगू लागली, आणि फोन गोंधळला. "कृपया एका वेळी एकाच व्यक्तीनं बोला." बाया आणखी हसल्या. मीही हसले. अदिती भराभरा लिहीत होती. ती हळूच मला म्हणाली, "सगळ्या एकत्र नको. एकेकीला बाजूला घेऊ या."

ते बरोबरच होतं. नियमही तसाच आहे. "मी येतो पयले," आई लगेच उठली.

ती का उठली हे मला माहीत होतं. दादाची अट होती. तिला त्या दिवशी हे जमायलाच हवं होतं, तेही माझ्यासमोर, म्हणजे मी पुण्याला जाऊन सांगेन. तिनं हात साडीला पुसले. अंगात बाबांचा निळ्या चौकटींचा शर्ट होता, बाह्या मनगटावर दुमडलेल्या, कारण बाबांचे हात लांब होते. वेचणीला ती आधीपासून तोच घालायची. बाबा गेल्यावरही तिनं तो घातला याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. त्यांचा शर्ट अंगात होता आणि त्यांचं नाव तोंडात येत नव्हतं.

निंबाच्या पलीकडच्या बाजूला आम्ही तिघी बसलो. फोननं विचारलं, "आपलं पूर्ण नाव सांगा." आईनं तोंड उघडलं. "सुनंदा," म्हणाली आणि थांबली.

"कृपया पूर्ण नाव सांगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तशी ती एरवी कधी बघत नसे. विहिरीत दोर सोडताना वर उभ्या माणसाकडे बघतात तशी बघत होती. "सांग ना बाई," ती हळू म्हणाली. "तुले येते ना घेता."

मला घेता येत होतं. माझ्या बापाचं नाव, शाळेच्या दाखल्यापासून मी ते हजारदा लिहिलं होतं. एक शब्द उच्चारायचा होता. अदितीनं पेन उचललेलं होतं. आणि मी, अनोळखी माणसांशी बोलते त्याच शांत, मऊ, शिकवलेल्या आवाजात आईला म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं, काय करायला हवं?"

तुम्हाला. आईला मी तुम्हाला म्हणाले.

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग फोनकडे वाकली, जणू जवळ गेल्यानं जमेल. "आवाज ऐकू आला नाही. कृपया पुन्हा, मोठ्यानं बोला." तिची मान लाल झाली होती. ओठ हलत होते. मी बघत होते. निरीक्षण हे माझं कौशल्य आहे, मला सगळं दिसत होतं: डाव्या हातानं शर्टाचं बटण धरलेलं, अंगठ्यावर बोंडाच्या टोकानं निघालेला ओरखडा, कपाळावर कुंकवाच्या जागी उरलेला फिका डाग. शेवटी फोन म्हणाला, "क्षमस्व. नंतर प्रयत्न करा," आणि बंद झाला.

"मले नाही जमत बापा," आई म्हणाली, "मी अडाणी," आणि झोळी सावरून पऱ्हाटीच्या ओळीत शिरली.

या कामात मी कितीतरी लोकांना असं अडताना पाहिलं आहे. आमच्या भागातला माणूस फोनला दोष देत नाही. फोन वाईट आहे असं तो म्हणत नाही, मलाच येत नाही म्हणतो. वस्तूच्या चुकीची लाज तो स्वतःकडे घेतो, आणि ती इतकी सहज घेतो की जणू ती वाट बघतच होती. त्याच्याकडून ती लाज काढून घेऊन जिची आहे त्या वस्तूकडे परत पोचवायची, एवढंच खरं म्हणजे आमचं काम. हे मी आता लिहू शकते. तेव्हा मी फक्त अदितीच्या वहीत पाहिलं. तिथं "अपूर्ण" असं लिहिलेलं होतं, आणि ते खरं होतं.

लहानपणी मी फार मुखदुर्बळ होते. पाहुणे आले की मला पुढं उभं करायचे आणि विचारायचे, "नाव काय गं तुझं?" मला नाव सांगता यायचं नाही. माहीत असायचं, पण घशातून वर यायचं नाही. पाहुणे हसायचे, पुन्हा विचारायचे, मोठ्यानं विचारायचे. मग आई चूल सोडून यायची, माझ्या शेजारी उकिडवी बसायची आणि म्हणायची, "काही घाई नाही. सावकाश सांगजो." तिनं माझं नाव माझ्यासाठी कधी सांगून टाकलं नाही. पण ती शेजारी बसून राहायची. पाहुण्यांचा चहा निवला तरी बसायची. कधीतरी नाव बाहेर यायचं.

म्हणजे गप्प राहण्याचं कौशल्य मी तिच्याकडूनच शिकले असणार. त्याआधीचं तिचं वाक्य तेवढं विसरले.

त्या संध्याकाळी आई नेहमीसारखी स्वयंपाकाला लागली. दादाचा फोन आला तेव्हा तिनंच घेतला. "शिकून राह्यलो," म्हणाली, आणि कांदा चिरायला बसली. पुढचे दोन-चार दिवस अदिती आणि मी दुसऱ्या गावांत फिरत होतो. सगळीकडे तेच. बाया हसायच्या, गप्प व्हायच्या, एकमेकींना ढोसायच्या. चाचणीसाठी आणलेला एक जास्तीचा फोन मी घरीच ठेवला होता.

निघायच्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात दात घासत होते. पुढच्या खोलीत, जिथं वेचलेला कापूस पार छताच्या लाकडापर्यंत रचला होता, तिथून फोनचा आवाज आला.

"नमस्कार, द्वारकाबाई. आज दव आहे."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं तरी खातं यावर चुकून सुरू झालं. मी तशीच आत गेले. आई कापसाच्या गंजीला टेकून बसली होती. फोन मांडीवर होता. चेहऱ्यावर असं काही होतं की मी दारातच थांबले.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"मी," आई म्हणाली.

"तू सुनंदा ना?"

"ते इकडे आल्यावर. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं लिवलं ना त्याईनं. तवापासून सुनंदा. त्याच्या पयले मी द्वारका. द्वारका सखाराम ढगे." तिनं ते सगळं एका दमात, शाळेत हजेरीला उभं राहिल्यासारखं म्हटलं. "म्या सांगतलं त्याले. यानं पटकन ऐकलं. बापाचं नाव घ्यायले कायची लाज?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाले सांग, मले जमते म्हणून."

मी दादाला सांगितलं. आई गावातच राहिली, तिला हवं होतं तसं, तिच्या घरात, शेवटच्या रात्रीपर्यंत. फोन तिच्याकडेच राहिला. पुढं ती आम्हाला व्हिडिओ कॉल करायची तेव्हा अर्धा वेळ आम्हाला तिचं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा, पण ते सोडा. तिला जमत होतं.

म्हणजे शेवट चांगला झाला. मला हे कुणी सांगायला नको. तरी त्या सकाळची आठवण आली की माझे कान तापतात. माणसांना प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. मी खेडोपाडी अनोळखी बायांच्या ओट्यावर बसून त्यांना विचारलं आहे, तुमचं लहानपण कसं होतं, माहेरी तुम्हाला काय म्हणायचे. आईला मी कधीच विचारलं नव्हतं. मामा तिला "बाई" म्हणायचे, आजी-आजोबा मी पाहिलेच नाहीत, आणि ती माझ्यासाठी जन्मापासून आईच होती, तिला आधी काही नाव असेल असं कधी मनात आलंच नाही. निंबाखाली अडलेल्या तिला एक वाट सापडली, तीही मी नजर वळवल्यावर, एकटीला, कापसाच्या गंजीशेजारी.

पुण्याला गेल्यावर आम्ही पहिला प्रश्न बदलला. "तुम्हाला कोणत्या नावानं हाक मारू?" असा केला. शेजारच्या बाईचा आवाजही फोन ऐकू लागला. आणि बाई गप्प राहिली तर काय म्हणायचं, ते वाक्य मी लिहून दिलं: "काही घाई नाही. सावकाश सांगजो." भाषा तपासणारे एक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी सांगजोवर गोल केला आणि वर लिहिलं, सांगा. सगळ्या महाराष्ट्राला कळायला हवं, म्हणाले. त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. मी वाद घातला नाही. वाद घातला असता तर ते कुणाचं वाक्य आहे हे सांगावं लागलं असतं. आता ते वाक्य कुठल्या कुठल्या गावांत, कुणाकुणाच्या हातात बोललं जातं. अडलेल्या बायांना फोन म्हणतो, काही घाई नाही. निंबाखाली एका बाईला ते म्हणायला हवं होतं, तिला मी ते म्हटलं नाही. यंत्राला शिकवलं.

आता हे मुलींच्या वार्षिकांकात कसं लिहायचं? कौशल्यं म्हणून?

मी आले तेव्हा मला आश्चर्य वाटलं होतं की आईचा फोन अजून चालू कसा. श्रावणापासून तो बंद पडायला हवा होता. बेबीकाकूंकडे घराची किल्ली असते. मी त्यांना विचारलं तर त्या थोड्या वरमल्या.

"म्या लावतो चार्जिंगले," म्हणाल्या. "सकाळी हाक मारते ना तो तिले. मले आमच्या ओट्यावर ऐकू येते. बंद करावं वाटलं नाही."

"पण काकू, तो हाक मारतो ते नाव तुम्हाला माहीत होतं?"

"तिनंच सांगतलं ना. मांगच्या साली. रोज सकाळी त्याच्या हाकेची वाट पाहत बसे, तवा. पोरीले नको सांगजो म्हणे, हासंन ते."

मी हसले असते असं तिला वाटलं होतं. मला तर ते नाव ठाऊक होतं, तिनंच त्या सकाळी सांगितलं होतं, मग मी हसणार ती कशाला? बहुधा नावाला नाही. रोज सकाळी फोननं हाक मारावी म्हणून ती वाट बघत बसायची, त्याला. 

काल दादाचा फोन आला. आईचा नंबर आता बंद करून टाक म्हणाला. त्याचा आवाज जड होता. उगाच किती दिवस चालवायचं, असं तो दोनदा म्हणाला. बरोबर आहे त्याचं. म्हणून आज सकाळी मी फोन फळीवरून खाली घेतला आणि नंबर बंद करण्याआधी ते खातं बंद करायला बसले. वाट मला पाठ आहे, मीच आखली आहे. चुकून कुणाचं खातं बंद होऊ नये म्हणून शेवटी फोन खात्री करतो.

"खातं बंद करायचं असेल तर ज्या नावानं हाक मारतो ते पूर्ण नाव सांगा."

मी तोंड उघडलं.

हे नाव मी आजवर एकदाही मोठ्यानं उच्चारलेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मनात कितीदा घेतलं होतं. श्रावणानंतर तर रोज. पण बाहेर, आवाज करून, नाही. घशाशी आलं आणि तिथंच बसलं. पाहुणे पुढ्यात उभे होते, मी परकर धरून उभी होते आणि चुलीजवळ कुणी नव्हतं.

"काही घाई नाही," फोन म्हणाला. "सावकाश सांगा."

मी त्याच्याकडे बघत राहिले.  दारात सावली पडली. बेबीकाकू होत्या, डोक्याला फडकं, अंगात बुधाजींचा शर्ट, वेचणीला निघालेल्या. त्यांनी फोन पाहिला, मला पाहिलं.

"काऊन वं, बोलत काऊन नाही?"

मी फोनकडे बोट दाखवलं.

त्या आत आल्या, माझ्या शेजारी उकिडव्या बसल्या. गुडघे वाजले. "जीभ वळत नाही का?" त्यांनी हळूच विचारलं. "म्या घेऊ का तिचं नाव? त्याले चालते आता दुसऱ्याचं."

त्यांनी घेतलं असतं. इथं बाया असंच करतात, एकीचं अडलं की दुसरी सांगते. मी नको म्हणून मान हलवली.  काकू तशाच बसून राहिल्या. बाहेर ओट्यावर बायांचं हसणं चाललं होतं, कुणीतरी काकूंना हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही.

"काही घाई नाही. सावकाश सांगा."

"पाह्य," काकू म्हणाल्या, "त्यालेही घाई नाही." त्यांनी दारातून अंगणाकडे नजर टाकली. तुळशीची पानं कोरडी झाली होती. "दव वाळलं. चाल वं, दोन ओळी वेचू. बसून काय करतं?"

मी उठले. दादाला काय सांगायचं ते संध्याकाळी बघू. फोन परत फळीवर ठेवला. खुंटीवर निळ्या चौकटींचा शर्ट होता. तो अंगात घातला तेव्हा बाह्या मनगटावर आधीच दुमडलेल्या होत्या, आईनं दुमडलेल्या, आणि माझ्या हाताला बरोबर बसल्या.

कडी लावताना आतून फोन पुन्हा तेच म्हणाला.

"येतो मी," मी म्हणाले.